शेवट ठाऊक असलेली गोष्ट

(श्रीराम मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात, कलशारोहणाच्या आदल्या सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्या सकाळी शिखरावर कलश चढेल आणि रात्री नव्या सभामंडपात पहिले कीर्तन उभे राहील. कीर्तनाचा उत्तररंग रामकथेचा आहे. ह्या गावातील एकाही जाणत्या माणसाला असे सांगावे लागणार नाही की रावण शेवटी मरतो. लंका पडते, सीता सुटते, भरत नंदिग्रामी वाट पाहत बसलेला असतो आणि पुष्पक विमान अयोध्येला येते, हे सगळे ठाऊक आहे. तरी संध्याकाळी पाचपासून पुढच्या सतरंजीवर जागा धरण्यासाठी घोंगड्या अंथरल्या जातील, आणि त्या अंथरणाऱ्यांत साठी उलटलेली माणसेच अधिक असतील. ज्यांनी ही कथा सर्वांत जास्त वेळा ऐकली, तेच सर्वांत आधी येऊन बसतात. हा प्रकार थोडा विचार करण्याजोगा आहे.

कारण एरवी माणसाची रीत निराळी असते. सिनेमा पाहून आलेला पोरगा शेजाऱ्याला शेवट सांगू लागला की शेजारी कानावर हात ठेवतो. परीक्षेचा पेपर फुटतो तसा गोष्टीचा शेवट फुटतो, आणि एकदा फुटला की तिकिटाचे पैसे वाया गेले असे वाटते. वाचनालयातील रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारे महाभागही असतात. बाबुराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांवर एके काळी महाराष्ट्रातील तरुण मंडळींच्या उड्या पडत. त्या वाचणाऱ्या माणसाला असा कोणी भेटला तर तो त्याचे तोंड पाहणार नाही. लंडन शहरात ॲगाथा ख्रिस्ती ह्या लेखिकेचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. त्याचा पडदा पडण्यापूर्वी नट स्वतः पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो की खुनी कोण हे बाहेर कोणास सांगू नका. हिचकॉकचा ‘सायको’ हा चित्रपट १९६० साली आला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा नियम चित्रगृहांना घालून दिला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती झाकून ठेवायची.

आता प्रश्न असा की ही मूठ उघडी केव्हा समजायची? गोष्ट किती जुनी झाली म्हणजे तिचा शेवट सांगणे हा अपराध राहत नाही? दहा वर्षे, शंभर वर्षे, की हजार? ‘रात्रभर रामायण ऐकले आणि सकाळी विचारतो, रामाची सीता कोण,’ ही म्हण मराठीत आहे. त्या म्हणीत गोष्ट न समजणाऱ्याची थट्टा आहे. म्हणजे काही गोष्टी अशा आहेत की त्या ठाऊक नसणे हीच लाज. अशा गोष्टी कोणत्या, आणि त्या तशा कशा झाल्या, एवढाच आजचा विषय.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांकडे पाहिले तर पहिली नवलाची गोष्ट दिसते ती ही, की त्यांनी शेवट लपवण्याची खटपटच केलेली नाही. श्रीधर कवीच्या पोथ्या अजूनही श्रावणात घरोघर निघतात. त्यांची नावे पाहावीत: ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’. युद्ध कोण जिंकणार हे पोथीच्या कव्हरावरच छापलेले आहे. अलीकडच्या काळात हरि नारायण आपट्यांनी तानाजीवर कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘गड आला पण सिंह गेला’. चौथी-पाचवीच्या मुलाला ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख सांगता येणार नाही, उदेभान कोण हे सांगता येणार नाही, पण तानाजी पडला आणि कोंढाणा आला हे सांगता येते. इथे शेवट आधी घरात आला आणि गोष्ट मागून आली. असे असूनही शाहीर डफावर थाप मारतो तेव्हा तानाजी पडू नये असे ऐकणाऱ्यास वाटतेच.

वाल्मीकी रामायणाचा तर पहिलाच सर्ग पाहावा. वाल्मीकी नारदाला विचारतात की सध्या जगात सर्व गुणांनी युक्त असा पुरुष कोण आहे? नारद रामाचे नाव सांगतात आणि तिथल्या तिथे वनवास, सीताहरण, वालीवध, सेतू, रावणवध, राज्याभिषेक अशी सगळी कथा सांगून टाकतात. पुढे चोवीस हजार श्लोक वाचायचे आहेत, आणि शेवट पहिल्या शंभर श्लोकांत उघड. एवढ्यावर भागले नाही म्हणून तिसऱ्या सर्गात पुन्हा एकदा सारांश येतो. महाभारतात हेच. आदिपर्वात ‘पर्वसंग्रह’ नावाचा भाग आहे. कोणत्या पर्वात काय घडते, कोण मरते, ह्याची ती यादीच. त्याच्याही आधी आंधळा धृतराष्ट्र संजयाजवळ विलाप करताना एकेक प्रसंग आठवून सांगतो की हे ऐकले तेव्हाच जयाची आशा सुटली. म्हणजे द्यूताचा पट मांडला जाण्यापूर्वीच वाचकाच्या हाती कौरवांच्या पराभवाची बातमी पडलेली असते. ज्याने हे रचले त्याला कथा सांगण्याची कला येत नव्हती असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

ऐकणारे कोण होते तेही पाहण्यासारखे आहे. महाभारत वैशंपायनांनी सांगितले ते जनमेजयाला. जनमेजय परीक्षितीचा मुलगा, परीक्षिती अभिमन्यूचा, अभिमन्यू अर्जुनाचा. पांडव हरले असते तर हा श्रोता जन्मालाच आला नसता. त्याचे तिथे सिंहासनावर बसणे हाच कथेचा शेवट. त्याने ‘मग कोण जिंकले’ असे विचारण्याचा प्रश्न नव्हता. त्याने विचारले ते निराळे. एकाच घरातली माणसे, एवढी शहाणी, त्यांच्यात हे भांडण मुळात लागले कसे? बांधावरून दोन भाऊ कोर्टात गेलेले ज्या गावाने पाहिले आहेत त्या गावाला हा प्रश्न परका वाटणार नाही.

आणि ह्याहून मोठा श्रोता जनमेजयाचा बाप. सातव्या दिवशी तक्षक दंश करील असा शाप परीक्षितीला मिळाला होता. त्यात संशय नव्हता, सुटका नव्हती. राजाने मुलाच्या हाती राज्य दिले, गंगेच्या काठी बसला आणि शुकाचार्यांना म्हणाला, मरणाऱ्या माणसाने काय ऐकावे ते सांगा. भागवत सप्ताह सात दिवसांचा असतो तो ह्यावरून. दरवर्षी गावोगाव सप्ताह बसतात, वीणा उभी राहते, पहारे लागतात, परंतु हे सात दिवस मूळचे एका माणसाच्या शिल्लक आयुष्याचे मोजमाप आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्याला स्वतःचाच शेवट फुटलेला होता. तरी त्याने सातही दिवस पुढे काय, पुढे काय, असे विचारले. गजेंद्राची कथा ऐकताना, प्रल्हादाची ऐकताना, आपले काय होणार ह्याचे कोडे त्याला नव्हते, म्हणूनच कदाचित तो इतके नीट ऐकू शकला.

प्रभू रामचंद्र स्वतः रामायणाचे श्रोते होते ही गोष्ट तर सर्वज्ञात आहे. लव आणि कुश अयोध्येच्या रस्त्यांवर गात हिंडत होते, त्यांना रामाने दरबारात बोलावले आणि आपलीच कथा आपल्याच मुलांच्या तोंडून, ती आपली मुले आहेत हे न ओळखता, बसून ऐकली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांनी पहिल्या गीतासाठी नेमका हाच प्रसंग निवडला, म्हणजे कथेच्या जवळजवळ शेवटापासून आरंभ केला. त्यानंतर आठवड्याला एक गीत, अशी वर्षभर छप्पन्न गीते. राम वनवासातून परत येतो की नाही ह्या चिंतेने त्या वर्षी कोणाची झोप उडाली नव्हती. तरी ठरल्या वेळी रेडिओभोवती माणसे जमत, आणि एखाद्या घरी रेडिओपुढे उदबत्ती लावली जाई. सुधीर फडके आज कोणता राग घेतात, माडगूळकर आज कैकेयीला काय बोलायला लावतात, ह्याकडे कान लागलेले असत.

विदर्भातील पद्मपूरचा भवभूती हा ह्या बाबतीत सर्वांचा गुरू म्हणावा लागेल. आठव्या शतकातील हा नाटककार. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकात राम, लक्ष्मण आणि सीता महालाच्या भिंतीवर काढलेली चित्रे पाहत फिरतात. चित्रे दुसऱ्या कोणाची नाहीत, त्यांच्याच वनवासाची आहेत. लक्ष्मण एकेक प्रसंग दाखवीत जातो. शूर्पणखेचे चित्र येते आणि सीता दचकते. राम तिला समजावतो की अगं, हे चित्र आहे. पण जनस्थानाचे चित्र आले तेव्हा समजावणाऱ्याच्याच डोळ्यांना धार लागते. सीता शेजारी उभी आहे, रावण केव्हाच मेला आहे, सगळे सुखरूप घरी आले आहेत, आणि तरीही रामाला रडू येते. शेवटच्या अंकात तर नाटकात नाटक आहे. वाल्मीकींनी रचलेला प्रयोग गंगेच्या काठी सुरू होतो, त्यात टाकून दिलेली सीता गंगेत उडी घेताना दिसते, आणि पाहणारा राम ‘थांब’ म्हणून उठतो व पुढे मूर्च्छित पडतो. लक्ष्मण त्याला सांगत असतो की महाराज, हे नाटक आहे. ज्याच्यावर हे सगळे गुदरले त्याचीही ऐकताना, पाहताना अशी अवस्था होत असेल, तर तुळशीबागेत किंवा एखाद्या आडगावच्या देवळात पदर डोळ्याला लावणाऱ्या आजीबाईला कोणी हसण्याचे कारण नाही.

एवढे मोठे दाखले सोडून गावातल्या रिवाजाकडे यावे. रामनवमीला जन्माचे कीर्तन सकाळी दहाच्या सुमारास उभे राहते. जन्म बारा वाजता व्हायचा हे ठरलेले. म्हणजे गोष्टीचा शेवट नुसता ठाऊक नाही, त्याची वेळही भिंतीवरच्या घड्याळात लागलेली आहे. बुवांचे सगळे कसब मधल्या दोन तासांत. पुत्रकामेष्टी लवकर उरकली तर पावणेबाराला दशरथ रिकामा बसतो. यज्ञात फार रमले तर बारा वाजून जातात आणि पाळण्याजवळ उभ्या असलेल्या सुवासिनी एकमेकींकडे बघू लागतात. मुरलेला कीर्तनकार पेटीवाल्याकडे न बघता, घड्याळाकडे न बघता, बरोबर बाराच्या ठोक्याला शब्द आणून ठेवतो. त्या क्षणी घंटा, गुलाल, फुले, पाळण्याची दोरी आणि मागून सुंठवड्याचा वास. पन्नास वेळा हे पाहिलेल्या माणसाच्या अंगावरही त्या ठोक्याला काटा येतो. हनुमान जयंतीला हीच गंमत सूर्योदयाच्या किरणाशी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्रीशी. काल्याच्या कीर्तनात हंडी फुटणार हे तर वर टांगलेलेच दिसत असते.

कोकणातील दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. रात्री कोणते आख्यान करायचे ते ठरते आणि नट रंगमंचावर आपापल्या बुद्धीने बोलतात. शेवट पक्का, म्हणून मधले सगळे मोकळे सोडता येते. पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र उचलून रामायण सांगतात, त्यांच्याही हातात पुढचे चित्र आधीच असते. ह्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली हे अनेकांनी वाचले असेल.

ठाऊक असलेल्या शेवटाचा एक उपयोग असा झाला की तो ग्रंथाच्या कामी आला. एकनाथ महाराजांनी ‘भावार्थ रामायण’ लिहावयास घेतले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ साली महाराजांनी देह ठेवला. रावणवध लिहायचा राहिला होता. पुढचा ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. पुरणपोळीच्या आवडीपायी लोक त्याला पुरणपोळ्या म्हणत आणि तो अगदी साधाभोळा होता अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे काही असो. एखादी रहस्यकथा अर्धी ठेवून लेखक गेला तर खुनी कायमचा मोकळा सुटतो. रामकथा अर्धी राहिली तर नाथांच्या घरचा पुरणपोळी खाणारा शिष्यही ती तडीस नेऊ शकतो, कारण ती एकट्या नाथांच्या मालकीची नव्हती.

इथे मूळ प्रश्नाला हात घालता येतो. गोष्टीचे वय झाले की शेवट आपोआप सर्वांचा होतो, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही, आणि त्याची परीक्षा इथल्या इथे घेता येईल. राम वनवासातून परत आल्याचे सर्वांना ठाऊक आहे. श्रीकृष्णाचा शेवट कसा झाला? द्वारकेतील यादव एकमेकांना कसे मारून बसले, मुसळाची गोष्ट काय, जरा नावाच्या पारध्याचा बाण कुठे लागला? पांडव हिमालयाकडे निघाले तेव्हा आधी कोण पडले, आणि धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत कोण चालत राहिले? पोथी वाचणारी चार मंडळी सांगतील की आधी द्रौपदी पडली आणि सोबत एक कुत्रे होते. पुष्कळांना मात्र हे नवे वाटेल. वयाने पाहिले तर मौसलपर्व काही कालचे नव्हे. पण घराघरांत ते कोणी वाचीत नाही. महाभारत घरात ठेवले तर भांडणे लागतात ह्या समजुतीने अनेकांनी ग्रंथच घरात घेतला नाही, आणि दुःखाच्या प्रसंगावर पोथी बांधू नये असा रिवाज असल्याने सांगणारेही तिथवर जात नाहीत. म्हणून दोन हजार वर्षांनंतरही तो शेवट कोणाला सांगितला तर तो ‘असे झाले होय!’ म्हणून चकित होतो. शेवट सर्वांचा होतो तो सांगितल्याने. जितके दिवस सांगणे चालू तितके दिवस तो सर्वांचा. ग्रीस देशात ॲरिस्टॉटल हा पंडित इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून गेला की ज्या कथांना लोक प्रसिद्ध म्हणतात त्याही खरोखर थोड्यांनाच ठाऊक असतात, पण आनंद मात्र सर्वांना होतो. तिकडचा अनुभवही वेगळा नव्हता.

शेवट कोणता धरायचा ह्यावरही एकमत नाही. सप्ताहात बहुधा राज्याभिषेकाशी आरती होते. वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीता पृथ्वीच्या पोटात जाते. भवभूतीने तिला परत आणून रामाच्या शेजारी उभे केले. दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ असे चालले. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि दूरचित्रवाणी संचाला हार घातले जात, हे पाहिलेली माणसे समोर बसली आहेत. तीही कथा राज्याभिषेकाशी थांबवली होती. तेव्हा उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला, की पुढचा भाग दाखवा, त्याशिवाय महर्षी वाल्मीकी आणि लवकुश कसे येणार? मग पुढचा भाग निघाला. ठाऊक असलेल्या शेवटासाठी माणसांनी काम बंद ठेवावे, ह्यावरून त्या शेवटाशी कोणाचा किती जीव जडलेला असतो ते कळते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळे घरात अडकले तेव्हा हीच मालिका पुन्हा लावली गेली आणि लोकांनी ती पुन्हा पाहिली.

शहरातील विद्वानांनी ह्याचीही मोजदाद केली आहे. २०११ साली कॅलिफोर्नियातील सान डिएगोच्या विद्यापीठात दोघा मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना बारा लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून व काहींना न सांगता. शेवट कळलेल्यांना कथा अधिक आवडल्या असे त्यांना आढळले. नंतर इतरांनी प्रयोग केले त्यांत उलट उत्तरे आली. वाद चालू राहो. सुरनळीत कैद केलेल्या एकट्या वाचकाचे मोजमाप कीर्तनाला फारसे लागू पडेल असे दिसत नाही. कीर्तनात माणूस एकटा नसतो, आणि बुवा थांबले की शेजारच्याचा श्वास थांबल्याचे त्याला कळते.

परंतु एक श्रोता असा आहे की ज्याला हे काहीच लागू नाही. तो पहिल्या ओळीत, टाळकऱ्यांच्या पायाजवळ, मांडी घालून बसलेला असतो. वय पाच-सहा वर्षे. त्याच्यासाठी रामायण आज घडते आहे. लक्ष्मणाला शक्ती लागते, राम त्याचे डोके मांडीवर घेतो, सुषेण वैद्य सांगतो की सूर्य उगवायच्या आत संजीवनी आली पाहिजे, आणि मारुती उड्डाण करतो. त्या मुलाचे तोंड उघडे राहिलेले असते. तो आजीला हलवून विचारतो, “आजी, लक्ष्मण मेला का?” शहाणी आजी म्हणते, “ऐक.” एवढेच. तिला शेवट साठ वर्षांपासून ठाऊक आहे, ती डोंगर येणार म्हणून सांगू शकते, पण सांगत नाही. शेजारी बसलेला एखादा हुशार काका मात्र वाकून म्हणतो, “अरे, मारुती आख्खा डोंगर घेऊन येतो बघ आता!” त्या क्षणी त्या पोराचा पेपर फुटला. गोष्ट हजारो वर्षांची असली तरी फुटला. गावासाठी ज्याची मूठ केव्हाच उघडलेली आहे, त्याच गोष्टीची मूठ प्रत्येक नव्या पोरासाठी पुन्हा झाकलेली असते, आणि ती उघडण्याचा मान बुवांचा. काकांचा नव्हे.

अशी मुले आता मंडपात किती बसतात, हा ह्या सोहळ्यातील अवघड प्रश्न आहे. जीर्णोद्धाराला देणग्या आल्या त्यांतील मोठा वाटा मुंबई, पुणे आणि त्याहून दूर गेलेल्या कुटुंबांचा आहे. त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. परंतु त्यांची मुले मे महिन्यात गावी येतात तेव्हा देवळात नमस्कार करून परत जातात. त्यांना राम ठाऊक आहे, रावण ठाऊक आहे. जटायू, शबरी, सुषेण ह्यांची नावे मात्र परकी वाटतात. एका अर्थी त्यांच्यापाशी अजून न फुटलेली गोष्ट आहे. पण सांगणाऱ्याची गाठच पडली नाही तर ती न फुटलेली तशीच राहील, आणि मौसलपर्वाचे जे झाले ते सुंदरकांडाचे होईल. ग्रंथ शाबूत, शेवट छापलेला, आणि ठाऊक कोणालाच नाही.

सभामंडपाबद्दल दोन शब्द, कारण तो ह्याच कामासाठी असतो. जुन्या मंडपाला लाकडी खांब होते, जमीन शेणाने सारवलेली होती आणि वर कौले. तिथे बुवा हळू बोलले तरी शेवटच्या ओळीला ऐकू जाई. माती, लाकूड आणि माणसे आवाज पिऊन टाकतात, तो परत फिरत नाही. आता स्लॅब आहे, भिंतींना गुळगुळीत फरशी आहे, खाली संगमरवर आहे. दिसायला सुंदर, झाडायला सोपे. पण कठीण भिंतीवर शब्द आदळतो आणि परत येतो, तोवर बुवांचा दुसरा शब्द निघालेला असतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरतो. जाणत्या श्रोत्याचे फारसे बिघडत नाही. त्याला पुढचा शब्द ठाऊकच असतो, तो मनात भरून घेतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला मात्र काहीही कळत नाही. पाच मिनिटांत तो चुळबूळ करतो, दहाव्या मिनिटाला बाहेर पळतो, आणि मोठी माणसे म्हणतात की हल्लीच्या मुलांना गोडी नाही. घुमारा वाढला की आवाज वाढवतात आणि आवाज वाढवला की घुमारा वाढतो, हा अनुभव पुष्कळ गावांनी घेतलेला आहे.

ह्याला उपाय फार खर्चाचा नाही. खाली जाड सतरंज्या, मागच्या भिंतीला जाड कापडाचे पडदे, आणि एका मोठ्या कर्ण्याऐवजी चार ठिकाणी लहान स्पीकर हळू आवाजात. फरशीवर नावे कोरण्यासाठी देणगीदारांची कमतरता पडली नाही ही समाधानाची गोष्ट आहे. सतरंजीवर नाव कोरता येत नाही, तरी कोणी पुढे आले तर समितीने दहा सतरंज्यांची पावती आनंदाने फाडावी.

उद्या रात्रीच्या कीर्तनाला व्यासपीठापासूनच्या पहिल्या तीन ओळी मुलांसाठी मोकळ्या ठेवाव्यात, घोंगड्या चौथ्या ओळीपासून अंथराव्यात, अशी समितीच्या वतीने विनंती आहे. उत्तररंगात लक्ष्मणशक्तीचे आख्यान व्हावयाचे आहे. मुलांच्या शेजारी बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डोंगर येईपर्यंत गप्प राहावे.